धरणे आणि सोडणे

मोटारीच्या ब्रेकला मराठीने आपला स्वतःचा शब्द दिला नाही, ह्याबद्दल भाषाभिमानी मंडळी अधूनमधून हळहळतात. मराठीचा मास्तर असूनही मला ह्या हळहळीत सामील होता येत नाही. 'गतिरोधक' हा शब्द आपण घडवला होता. तो रस्त्यावरच्या उंचवट्याने पळवला आणि ब्रेक बिचारा ब्रेकच राहिला. शब्द परका असला तरी त्याच्यापुढे येणारी क्रियापदे मात्र अस्सल घरची आहेत. आपण ब्रेक लावतो, दाबतो, मारतो. प्रसंग आला तर करकचून मारतो. तो लागतो, कमी लागतो, आणि दैव फिरले की फेल जातो. ही क्रियापदे ओळीने मांडून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. ती सगळी धरण्याची आहेत. ब्रेकने सोडलेही पाहिजे, हे आपण गृहीत धरलेले आहे. आणि जे गृहीत धरलेले असते त्याच्याकडे, घरात काय नि गाडीत काय, कोणाचे लक्ष नसते.

एरवी 'सोडणे' ह्या क्रियापदावर मराठी माणसाचा केवढा जीव! आपण उपास सोडतो, हट्ट सोडतो, नाद सोडतो, पोटासाठी गाव सोडतो आणि मिळण्यासारखे नसेल त्यावर पाणी सोडतो. ब्रेकच्या वाट्याला तेवढे हे क्रियापद नीटसे आले नाही. म्हणून ह्या दिवाळीच्या सदरासाठी मी विषय निवडला आहे तो जुन्या मोटारीच्या मागच्या ब्रेकचा. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायला तो जरा तेलकट आहे खरा. पण ह्याच सुटीत निम्मा मध्यमवर्ग डबे-पिशव्या भरून कुठला ना कुठला घाट उतरत असतो, तेव्हा अगदीच अस्थानी आहे असेही नाही. दसऱ्याला आपण गाडी धुतो, तिच्या नाकावर झेंडूची माळ चढवतो, हळदकुंकू लावतो. मागच्या चाकाच्या आत काय चालले आहे, ते मात्र वाकून कोणी पाहत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम असतात. काही गाड्यांना मागेही डिस्क असतात. माझी, २००५ साली नोंदलेली, त्यांपैकी एक. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जे अवजार ते कॅलिपर. पापड भाजताना गृहिणी तो चिमट्यात धरते, तसाच प्रकार; फक्त इथे पापड फिरत असतो आणि चिमटा जागच्या जागी असतो. आपण पायाने पेडल दाबतो, नळीतल्या तेलावर दाब येतो, आणि तो दाब जसाच्या तसा चारी चाकांपर्यंत पोचतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा पास्कलचा सिद्धांत आपण शाळेत पाठ केलेला असतो. मोटारीत त्याच्यावर आपले प्राण अवलंबून असतात. तेलाच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या पुढचे पॅड डिस्कवर दाबले जाते, आणि कॅलिपर आपल्या खिळ्यांवर किंचित सरकून पलीकडचे पॅडही ओढून घेतो. झाले, चिमटा बसला.

आता खरी गंमत पुढे आहे. पाय उचलल्यावर तो पिस्टन मागे कोण घेतो? ड्रम ब्रेकमध्ये त्यासाठी चांगल्या दणकट स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकच्या पिस्टनमागे तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती रबराचे एक कडे बसवलेले असते आणि त्याचा छेद चौकोनी असतो. पिस्टन पुढे जाताना हे कडे त्याच्याबरोबर थोडेसे मुरडते. दाब गेला की ते आपल्या मूळ आकारावर येते, आणि येताना पिस्टनला केसभर मागे घेऊन येते. त्या केसभर अंतराच्या जिवावर चाक मोकळे फिरते. धरण्यासाठी एवढे तेल, एवढा दाब, एवढे लोखंड. आणि सोडण्यासाठी करंगळीच्या टोकावर तोलता येईल एवढे रबर!

मागच्या कॅलिपरचे दुखणे ह्याहून एका गोष्टीने वाढते. हँडब्रेकही पुष्कळदा त्याच्याच पोटात असतो. आपण हँडब्रेक ओढला की तार ओढली जाते, कॅलिपरच्या पाठीवरचा एक लहानसा दांडा फिरतो, आणि आतल्या स्क्रूने पिस्टन पुढे ढकलला जातो. हा दांडा ज्या भोकातून आत जातो तिथे रबराचे टोपण असते. वर्षे गेली की टोपण चिरते, पावसाचे पाणी आत शिरते, आणि लोखंडाला लोखंडाचा धर्म आठवतो. पुढचा ब्रेक जास्त राबतो, तापतो, कोरडा होतो. मागचा बहुतेक वेळ रिकामा बसलेला. न वापरलेल्या कुलपाला गंज लवकर चढतो, तसाच तो मागच्या कॅलिपरलाही चढतो. त्यातून आमची गाडी वर्षातून तीन-चार वेळा रत्नागिरीला मामाच्या घरी समुद्रवाऱ्यात उभी राहणारी.

२०२३ च्या भाऊबिजेला आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो होतो. आई पंच्याहत्तरीच्या पुढची. तिचा भाऊ ऐंशीच्या पुढचा. त्या दोघांच्या भाऊबिजेत आजवर खंड पडलेला नव्हता, आणि ह्या वयात बहीण-भाऊ असल्या गोष्टी पुढच्या वर्षावर टाकत नाहीत. चिरंजीव गाडी चालवत होते. आंब्याला, घाट सुरू होण्याआधी, चहासाठी थांबलो. शेजारी एस.टी. उभी होती. तिचे चालक हातात पेला घेऊन आमच्या गाडीभोवती सहज फिरले आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबले.

"साहेब, वास येतोय बघा. चाक धरलंय तुमचं."

हात चाकाजवळ नेला तो झळ लागली. उजवे चाक मात्र कोमट. हँडब्रेक केव्हाच खाली केलेला होता. त्या डाव्या कॅलिपरला ते मान्य नव्हते. त्याचा दांडा परत फिरलाच नव्हता, आणि मलकापूर मागे टाकल्यापासून पॅड डिस्कला घासत आले होते.

"हळूहळू उतरू की, बाबा," चिरंजीव म्हणाले. "सकाळपासून चाललीच आहे ना?"

"चढाला चालली," चालक म्हणाले. "चढाला धरलेला ब्रेक इंजीन ओढून नेतं. उताराला तोच तापून तेल उकळवील, आणि मग पेडल जाईल खाली. म्हातारं माणूस आहे गाडीत."

ह्या वाक्यातले पदार्थविज्ञान मी नंतर कागदावर मांडून पाहिले. वाचकांनीही पाहावे. गाडी, पाच माणसे आणि फराळाचे डबे मिळून वजन १,५०० किलो धरा, आणि घाटाची उतरण सरळ उंचीत ५०० मीटर. एवढे वजन एवढे खाली आणायचे म्हणजे सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. ३० अंशांचे २५ लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच उष्णता लागते. म्हणजे अभ्यंगस्नानाचा बंब भरून पाणी! ह्यातला काही वाटा वारा घेतो, आणि गाडी खालच्या गिअरात ठेवली तर बराच वाटा इंजीन घेते. उरलेला सगळा त्या चार चिमट्यांच्या वाट्याला येतो. त्यांतला एक आधीच तापून लाल व्हायच्या बेतात असेल, तर तो उष्णता घेणार कुठे? ती पिस्टनमधून तेलात उतरते.

आणि ब्रेकच्या तेलाची एक खोड आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' जातीचे तेल नवे असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' साठी हेच आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पाय सगळा खाली जातो आणि चाकाला त्याची वार्ताही लागत नाही. वर्तमानपत्रात आपण 'ब्रेक फेल झाल्याने' असे वाचतो, तेव्हा पुष्कळदा काही तुटलेले नसते. ब्रेक नुसता तापलेला असतो.

आई आणि सौ. त्याच एस.टी.त बसून गेल्या. आईने ओवाळणीचे सामान मांडीवर घेतले आणि खिडकीतून हात हलवला. बाकीचे आम्ही मागे राहिलो. मलकापूरहून एक मिस्त्री मोटारसायकलवर आले. त्यांनी चाक निवू दिले, हँडब्रेकची तार काढली, हातोडीने ठोकून दांडा मागे घेतला, आणि गाडी फक्त कोल्हापूरपर्यंत, तीही थांबत थांबत न्यायची, असे बजावले. संध्याकाळी सहाच्या सुमारास रत्नागिरीहून फोन आला. ओवाळणी झाली होती.

कोल्हापूरचे उद्यमनगर म्हणजे लोखंडाचे गाव. ओतकाम आणि लेथ ह्यांच्या आवाजात तिथे संभाषण करायचे तर व्याख्यात्याचा घसा लागतो, आणि तो माझ्याकडे आहे. तिथल्या आमच्या मिस्त्रींनी गाडी उचलली, डावे चाक हाताने फिरवून पाहिले, उजवे फिरवून पाहिले, आणि निदान एका वाक्यात सांगितले:

"सर, ह्यो धरतोय झकास, पण सोडत न्हाई."

चाळीस वर्षे मराठी वाचून जे माझ्या ध्यानात आले नव्हते ते ह्या गृहस्थांनी पान्हा हातात धरून सांगितले. डिस्क एका बाजूने निळी पडली होती. उजवा कॅलिपरही त्याच वाटेवर होता, फक्त दोन पावले मागे. आतली रबरे बदलून काम भागले असते का, हे मी विचारले. त्यावर त्यांनी दांडा हलवून दाखवला. दांड्याचे भोकच झिजून मोठे झाले होते. नवे रबर घातले असते तरी पुढच्या पावसात पाणी पुन्हा आत गेलेच असते.

मग प्रश्न आला बदलायचे तर काय बसवायचे. इथे घरात दोन पक्ष पडले. चिरंजीवांचे म्हणणे असे की, बदलायचेच आहे तर मोठे बसवू. ४१ मिलिमीटर पिस्टनचे, लाल रंग दिलेले कॅलिपर त्यांनी पाहून ठेवले होते. आमचे मूळचे ३८ मिलिमीटरचे. "तीनच मिलिमीटरचा फरक आहे, बाबा. ब्रेक जास्त लागेल, ते चांगलेच ना?"

ह्या 'चांगलेच ना'ची परीक्षा करणे भाग होते. पिस्टनचा जोर त्याच्या व्यासावर अवलंबून नसतो, क्षेत्रफळावर असतो. ३८ चे ४१ झाले की क्षेत्रफळ १६ टक्क्यांनी वाढते. तेवढाच मागचा ब्रेक जास्त जोराने धरणार. आणि पिस्टन पुढे सरकवायला तेलही तेवढेच जास्त लागणार, म्हणजे पेडल अधिक खाली जाणार. पण खरी अडचण ह्याच्याही पुढची आहे. गाडी ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणजेच तिचा भार पुढच्या चाकांवर जातो. उदाहरणार्थ, १,००० किलोची गाडी घ्या. उभी असताना ६०० किलो पुढे, ४०० मागे. तिच्या दोन आसांतले अंतर अडीच मीटर आणि भारमध्याची उंची ५५ सेंटिमीटर धरली, आणि ब्रेक चांगला जोरात मारला, तर सुमारे दीडशे किलो भार पुढे सरकतो. मग पुढे झाले ७५०, मागे उरले २५०. ज्या चाकावर भार कमी त्याची जमिनीवरची पकडही कमी. अशा हलक्या झालेल्या चाकाला तुम्ही जास्त जोराने धरलेत, तर ते फिरायचे थांबते आणि घसरू लागते.

पुढची चाके घसरली तर गाडी वळत नाही, पण निदान नाकासमोर जाते. मागची आधी घसरली तर गाडीची शेपूट पुढे यायला बघते आणि गाडी आपल्याभोवती फिरते. घाटात असे फिरायला जागा नसते. म्हणून गाडी घडवणारे मागचा ब्रेक मुद्दाम पुढच्याहून सौम्य ठेवतात. तो दुबळा आहे असे आपल्याला वाटते, पण ती त्याला लावलेली शिस्त आहे. थांबवण्याचे मोठे काम पुढच्यांचे. मागच्याने गाडी सरळ राखायची आणि वेळ झाली की सोडायचे.

मोटारीच्या इतिहासात ही समजूत यायला वेळ लागला, हे चिरंजीवांच्या समाधानासाठी सांगितले पाहिजे. पहिल्या काळच्या मोटारींना ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी उलटेल, अशी भीती होती. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनी १९०२ सालीच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण ती कल्पना अर्धे शतक जवळजवळ झोपून राहिली. १९२० च्या दशकात चारी चाकांना ब्रेक येऊ लागले, तेव्हा काही गाड्यांच्या पाठीवर तसा इशारा लावलेला असे. पुढची गाडी आपल्यापेक्षा लवकर थांबेल, हे मागच्याला कळावे म्हणून! पुढे १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीची डिस्क ब्रेकची गाडी पहिली आली, आणि चिमट्याने ड्रमला मागे टाकायला सुरुवात केली.

आता एबीएस आहे, मग मोठा पिस्टन घालायला काय हरकत, असाही एक युक्तिवाद होतो. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे. चाक अडकू लागले की तेलाचा दाब झटक्याझटक्याने कमी-जास्त करून ते चाक फिरते ठेवणे, हे त्याचे काम. पण ते मूळच्या मापांवर बेतलेले असते. आणि गंजून धरलेला कॅलिपर सोडवणे तर त्याच्या हातातच नाही. त्या रोगाला तेलाचा दाब कारण नसतो, त्यामुळे दाब कमी करून तो बरा होत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमाने नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ह्या कलमावर बोट ठेवले. कॅलिपरची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते, हे खरे. पण ब्रेकसारख्या गोष्टीत मापाबाहेरचा माल बसवावा आणि अपघातानंतर विमा कंपनीशी व्युत्पत्तीचा वाद घालावा, ह्यात मला रस नव्हता. व्युत्पत्तीचे वाद घालायला माझ्याकडे महाविद्यालय आहे. त्यातून पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि तिथे गाडी तपासली जाते.

तोडगा मिस्त्रींनी काढला, आणि तो मला फार आवडला. त्याच कंपनीने आपल्या पुढच्या पिढीच्या गाडीला मागे ॲल्युमिनियमचे कॅलिपर दिले होते. पिस्टन तोच, ३८ मिलिमीटरचा. आमच्या गाडीची मूळची पकड, म्हणजे कॅलिपर ज्यावर बसतो ती लोखंडी चौकट, तशीच ठेवता येत होती; पॅडही तेच चालत होते. बदल एवढाच की नव्या कॅलिपरला तेलाची नळी वेगळ्या तऱ्हेने, पोकळ बोल्ट आणि तांब्याच्या वॉशरांनी जोडायची असल्यामुळे नळी बदलावी लागणार. फायदा दुहेरी. ॲल्युमिनियम हलके, आणि त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. दांड्याची रचनाही सुधारलेली, परतीची स्प्रिंग चांगली. म्हणजे धरण्याचा जोर होता तेवढाच. सुधारणा सगळी सोडण्यात. जुन्या गाडीची सुधारणा म्हणतात ती हीच, असे मला वाटते. तिला तिच्या वयात नसलेला जोर द्यायचा नाही; तिचा जो गुण वर्षांनी बुजला, तो तिला परत द्यायचा. सगळा खर्च साधारण एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत बसला. हा हिशेब मी चिरंजीवांच्या हातातल्या वस्तूकडे बघतच मांडला.

काम पाहायला मी मुद्दाम थांबलो. कॅलिपर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे, एक नवा नि एक जुना अशी विजोड जोडी ठेवायची नाही, हा पहिला नियम. डिस्क आणि पॅड हेही जोडीने नवे. सरकत्या खिळ्यांना त्यांचे वेगळे ग्रीस; साधे ग्रीस उष्णतेने वितळते आणि रबर फुगवते. हँडब्रेकवाल्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. तो दाबत दाबत फिरवावा लागतो, कारण आत स्क्रू आहे. घाईत शिकंज्याने दाबणारे लोक आतली रचना मोडून ठेवतात आणि मग मालाला नावे ठेवतात. शेवटी तेलातली हवा काढायची. चिरंजीव गाडीत बसले, मिस्त्री चाकापाशी.

"दाबा... धरा... धरून ठेवा... हां, सोडा!"

पुन्हा, "दाबा... धरा... सोडा!" असे चारी चाकांना. नळीतून आधी काळपट तेल आले, मग बुडबुडे, मग मधासारखे स्वच्छ तेल. धरण्याइतकाच 'सोडा' हा शब्द ठणकावून उच्चारणारा पाठ मी तिथे पहिल्यांदा ऐकला, आणि तो ऐकताना चिरंजीवांचे लाल कॅलिपर हळूहळू विरून जाताना पाहिले. काम संपल्यावर त्यांनी स्वतः खाली उतरून मागचे चाक एका बोटाने फिरवले. ते तीन-चार फेरे फिरले. ते काही बोलले नाहीत, पण चाक दुसऱ्यांदा फिरवले.

२०२४ च्या भाऊबिजेला आम्ही त्याच गाडीने आंबा घाट उतरलो. गाडी चिरंजीवच चालवत होते. दुसऱ्या गिअरात, मधूनच ब्रेक थोडा धरून पुन्हा मोकळा सोडत, घाईने नव्हे. आई मागे पेंगत होती. मी डाव्या बाजूला होतो, आणि प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय पायपुसण्यावर जोराने दाबला जात होता. तिथे पेडल नसते, हे वडील झालेल्या माणसाच्या पायाला कोणी सांगायचे? साखरपा आला तेव्हा सौ. मागून म्हणाल्या, "अहो, गाडीचे कॅलिपर बदलले. तुमचे कधी बदलायचे?" चिरंजीव हसले नाहीत, हे मी त्यांच्या पुढच्या आयुष्यासाठी शुभचिन्ह मानतो.

ह्या सुटीत ज्यांना घाट उतरायचा आहे त्यांच्यासाठी एवढेच लिहून हात धुतो. जुनी गाडी असेल तर निघण्यापूर्वी ती सपाट जागी उचलून, हँडब्रेक खाली करून, मागची दोन्ही चाके हाताने फिरवून घ्या. दोन्ही सारखीच मोकळी फिरली पाहिजेत. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर थांबा आणि चारी चाकांच्या जवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एखादे चाक आपल्या जोडीदारापेक्षा फार तापलेले असेल, त्याच्यावर पॅडची काळी भुकटी जास्त बसली असेल, किंवा गाडी न्यूट्रलमध्ये नेहमीसारखी गडगडत नसेल, तर ते चाक काही सांगत आहे असे समजा. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदला, ते वरून स्वच्छ दिसत असले तरीही. कोकणातून परत आल्यावर गाडी वरून धुता तशी चाकांच्या आतही साध्या पाण्याने धुवा, आणि मग थोडी चालवून ब्रेक कोरडे करा. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरात ठेवा, चाकाखाली दगड लावा, आणि हँडब्रेकला विश्रांती द्या.

आणि घाटाच्या माथ्यावर चहा घेताना एखाद्या परक्या माणसाने तुमच्या चाकाकडे बोट दाखवले, तर त्याचे ऐका. भाऊबीज एस.टी.नेही साजरी होते.